कानाने शिजवलेला रस्सा

आमच्या आत्याने बसच्या टाकीतलं डिझेल कपात ओतून घेतलं, फुंकर घालून प्यायली आणि वर म्हणाली, "साखर जरा कमी पडलीय," अशी बातमी मध्यंतरी डेपोत फिरत होती. बस धुण्याच्या रॅम्पवरून ती बातमी निघाली तेव्हा डिझेल अर्धा कप होतं. टायरच्या शेडपर्यंत पोचेतो कप भरला. चौकशीच्या खिडकीवर आली तेव्हा आत्याने दुसरा कप मागितला होता. आमच्या शेजारच्या काकूंनी मला ती सांगितली, तोवर तिच्यात एक बिस्किट आलं होतं, डिझेलमध्ये बुडवून खाल्लेलं. मीठमिरची लावणं म्हणतात ते हे.

आणि त्या गोष्टीत मीठ होतंच, फक्त निराळ्या जागी. झालं होतं एवढंच की डेपोतल्या चहावाल्याने एका सकाळी साखर समजून मिठाच्या डब्यात हात घातला. वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी पहिला घोट घेतला आणि जो तो सापडेल तिथे थुंकला. कुणी बादलीत, कुणी चाकाआड, वायरमन तर स्वतःच्याच बुटावर. आत्या मात्र एका गिअरबॉक्सबद्दल तावातावाने बोलत होती. बोलता बोलता तिने कप संपवला, उपडा ठेवला, आणि सगळे आपल्याकडे का बघतायत ते न कळून गालाला ग्रीस लागलंय का म्हणून बाहीने पुसून बघितलं.

तेव्हा डेपोला कळलं. आम्हाला घरी आधीच माहीत होतं. थंडीत तिला जो ताप आला तो जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधी ते मात्र सांगता येत नाही. आत्या म्हणाली, "येईल तेव्हा येऊ दे. मी काही तिच्यासाठी दारात उभी राहणार नाही."

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. बस डेपोत मेकॅनिक आहे. दिवसभर पिटमध्ये, म्हणजे बसच्या खाली खणलेल्या त्या लांब खड्ड्यात, मान वर करून उभी असते. तिथला प्रत्येक माणूस तिला आत्या म्हणतो. तिच्याहून वयाने मोठे असलेले टायरवाले काकासुद्धा. लहानपणी मी फाटकाशी उभी राहून "आत्याऽऽ" असा गळा काढायचे तो सगळ्यांच्या कानात बसला, असं बाबांचं म्हणणं.

कान हा आमच्या घराण्याचा ऐवज. नाकं आमची बेताचीच आहेत, दिसायलाही आणि कामालाही, पण कान असे की दोन खोल्यांपलीकडे कुणी भांडं हळूच ठेवलं तरी ते पितळेचं की स्टीलचं ते कळतं. आत्याने या कानाचं पोट भरायचं साधन केलं. लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर आहे तिच्याकडे, त्याने ती स्क्रू कधी पिळत नाही. चालू इंजिनाला टोक लावते, मूठ कानामागच्या हाडाला टेकवते आणि डोळे मिटते. मग म्हणते, "तिसरा सिलिंडर खोकतोय," किंवा, "बेअरिंग रडतंय, आठवडाभर काढेल." बाकीचे नुसते बघत राहतात.

मी याच कानाचा वापर माणसांच्या नकला करायला केला. ते आईच्या मते वाया गेल्याचं लक्षण.

आत्याची आणखी एक रीत सांगायला हवी. कामावर नवीन आलेल्या माणसाला ती ग्रीसचा डबा देत नाही. एका चाकाला लागतं तेवढंच ग्रीस जुन्या वाटीत काढून देते. "घाबरलेला माणूस भरत सुटतो," ती म्हणते. "कमी पडेल, कमी पडेल करत चाक गुदमरेस्तोवर भरतो. त्याला किती सांगितलं तरी हात थांबत नाही. वाटी संपली की थांबतो." ही वाटी लक्षात ठेवा. मी ठेवली नाही, म्हणून मला हे सगळं लिहावं लागतंय.

तर, डेपोत वर्षातून एकदाच, मोठ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारभर एकही बस सुटत नाही. त्या दुपारी ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपवाले, झाडूवाले, ऑफिसातले, सगळे मिळून नव्वदच्या आसपास माणसं वर्कशॉपमध्ये एका पंगतीत बसतात, आणि जेवण आत्या करते. भाज्या आणि घेवड्याचा दाट रस्सा, भात, पाव, चिरलेली काकडी. पातेलं एवढं मोठं की मी आत मांडी घालून बसू शकते. बसून पाहिलंय. घरचे सण कुठल्याही चुलीवर होतात, पण या दुपारची पळी आत्या कुणाच्या हातात देत नाही. मागे एकदा ताप अंगात असताना तिने स्टुलावर बसून पातेलं ढवळलं होतं.

चहाच्या त्या सकाळनंतर डेपो बदलला. म्हणजे त्याचं आत्याशी वागणं बदललं. चहावाला तिच्या कपात साखर घालून, ढवळून, वर "घातलीय हं आत्या" असं बहिऱ्याला सांगावं तसं सांगायला लागला. पिटच्या पायऱ्यांवर कुणीतरी तिचा हात धरला. "माझी जीभ गेलीय," ती म्हणाली, "पाय नाही." आणि त्याच हाताला धरून त्यालाच खाली उतरवलं.

मग साहेब आले. डेपोचे साहेब मनाने वाईट नाहीत, हे आधी सांगते, कारण पुढे त्यांची नक्कल येणार आहे. ते प्रत्येक वाक्य "म्हणजे बघा"ने सुरू करतात आणि फलकावरची सूचना वाचल्यासारखं बोलतात, स्वल्पविरामालाही थांबून. मी त्या दिवशी आत्याचा डबा घेऊन गेले होते. साहेब पिटच्या काठाशी वाकले.

"म्हणजे बघा, आत्याबाई. यंदा सुट्टीच्या जेवणाचं, आपण, कंत्राटदाराला द्यावं म्हणतो. खोक्यातून येईल. गरम. तुम्हालाही, त्रास नको."

खालून नुसते पान्ह्याचे आवाज आले. मग आत्याचा.

"मला त्रास होतो असं कुणी सांगितलं?"

"तसं नाही, पण, आता तुमची, परिस्थिती."

"माझी परिस्थिती बसखाली आहे, साहेब. जरा सरका, तेल पडेल बुटावर."

साहेब सरकले. पण गेले नाहीत. "चवच जर कळत नसेल, तर, नव्वद माणसांचं जेवण, म्हणजे बघा, जोखीमच."

तेव्हा आत्या पायऱ्या चढून वर आली. कपाळापर्यंत काळी झालेली, हातात तो स्क्रू ड्रायव्हर. म्हणाली, "चव मला कशाला लागते? जेवणार तुम्ही आहात. तुमच्या सगळ्यांच्या जिभा जागेवर आहेत ना? मग झालं तर."

शेवटी ठरलं ते असं. यंदा आत्याच करेल. पण पंगतीत जेवण फसलं, कुणी पानात टाकलं, कुणाला वरून मीठ मागायची वेळ आली, तर पुढच्या वर्षीपासून कंत्राटदार आणि त्याची खोकी. साहेबांना वाटलं आपण मोठ्या मनाने एक संधी दिली. आत्याला काय वाटलं ते तिने पान्हा ज्या प्रकारे टूलबॉक्समध्ये टाकला त्यावरून अख्ख्या वर्कशॉपला ऐकू गेलं.

त्या संध्याकाळी ती घरी जेवायला बसली. समोर आईने केलेली भाजी होती आणि ती तिला कशीही लागत नव्हती. बाबा म्हणाले, "ताई, जाऊ दे ना. केलंस इतकी वर्षं. आता आरामात बसून जेव."

"बसून जेवायचं आणि लोकांनी माझ्याकडे बघायचं, बिच्चारी म्हणून," आत्या म्हणाली. "एकदा पळी हातातून गेली की मी डेपोत पेशंट होणार. मग पान्हाही कुणीतरी माझ्या हातून हळूच काढून घेईल, तुला त्रास नको म्हणून. मला ओळखतोस ना तू?"

बाबांनी पोळीचा तुकडा उगाच दोनदा मोडला. ओळखत होते.

मी म्हटलं, "पण आत्या, करणार कशी?"

"कानाने."

"कांदा कानाला कळेल. मला पण कळतो. पण मिठाला कुठला आवाज असतो?"

"लावतेस पैज?"

आमच्याकडे हा शब्द कुणी उगाच काढत नाही. अटी आईसमोर ठरल्या, कारण आई दोघींपैकी कुणाच्याच बाजूची नाही. आत्याने मिठाबद्दल कुणाला काहीही विचारायचं नाही. वाढायच्या आधी कुणी चाखायचं नाही, तिच्यासाठी तर नाहीच. आणि पंगतीत कुणी वरून मीठ घेता कामा नये. ती हरली तर मला डेपोच्या आवारात बस चालवू देणार, पूर्ण एक फेरी. मी हरले तर महिनाभर तोंडातून कुणाचीही नक्कल काढायची नाही.

"हिला मार्गाला लावायची वेळ आलीच होती," आई म्हणाली. म्हणजे तीही आत्याच्याच बाजूची निघाली.

सुट्टीच्या दिवशी मी सकाळीच आत्याबरोबर डेपोत गेले. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये विटांवर मोठा बर्नर मांडला होता, त्यावर ते पातेलं. बाजूला भाताची जबाबदारी धुलाईवाल्या मावशींकडे, म्हणजे ज्या एरवी बस धुतात. त्यांचा आवाज पाण्याच्या फवाऱ्यावरून ओरडून ओरडून असा झालाय की त्या कानात बोलल्या तरी पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जातं.

आत्याने पहिलं काम केलं ते सगळ्यांना बजावायचं. "पातेल्यात कुणाचा चमचा दिसला तर त्याच चमच्याने त्याला पिटमधला गाळ उपसायला लावीन." दुसरं काम केलं ते पोचा आलेला मिठाचा डबा घरच्या पिशवीतून काढून टूलबॉक्सवर ठेवायचं. झाकण अर्धवट उघडं. मग जरा बघून पायाने टूलबॉक्स आणखी पुढे सरकवला, अगदी जाण्यायेण्याच्या वाटेवर. मला वाटलं, हिचं लक्ष कुठे आहे.

कांदे मी चिरले. डोळ्यांतून धारा. आत्या शेजारी उभी, डोळे कोरडे ठणठणीत. "आहेत काही फायदे," ती म्हणाली.

मग तेल तापलं आणि कांदा पडला, आणि पुढचे दोन तास मी जे बघितलं, नाही, ऐकलं, ते मी अजून कुणाला नीट करून दाखवू शकलेले नाही. आधी सगळ्या शेडभर *चर्रर्र*, पाऊसच पडतोय म्हणा. "हे पाणी बोलतंय," आत्या म्हणाली, "कांदा अजून बोललाच नाही." हळूहळू तो आवाज बसला, पातळ झाला, आणि मधूनच एक सुटा *चुट्*. मग दुसरा. "हा कांदा. आता गुलाबी असेल." होता. तिने बघितलंही नाही. लसूण, टोमॅटो, मिरी. टोमॅटो आधी खळखळतात, मग जड होतात, मग त्यांतून तेल सुटताना कागद चुरगळल्यासारखं काहीतरी होतं. तिथे तिने घेवडा टाकला आणि पाणी.

झाकण ठेवून तिने तो स्क्रू ड्रायव्हर काढला. चांगला घासून आणला होता. टोक पातेल्याच्या कडेला, मूठ कानामागे, डोळे बंद.

"ऐक." तिने मूठ माझ्या कानामागे टेकवली.

आत खडे वाजत होते. *टक टक टकटक*, कुणी खिशात गोट्या घेऊन पळतंय तसं. "कच्चा," आत्या म्हणाली. बऱ्याच वेळाने पुन्हा ऐकवलं तेव्हा गोट्यांचे पाय झाले होते, मोजे घातलेले, *थप थप*. "आता बटाटे."

एकदा मावशींशी बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि दोन ढांगांत बर्नरपाशी गेली. मला काही जाणवलं नव्हतं. तिने आच बारीक केली आणि तळापासून उलथनं फिरवलं. "तळ बोलला," म्हणाली. "*गुडगुड*चं *फट् फट्* झालं की बुडाला धरायला लागलं समजायचं. तुम्हाला नाकाने कळलं असतं, पण तोवर उशीर झाला असता."

मावशी तोंडाला पदर लावून माझ्याशी कुजबुजल्या. म्हणजे बाहेरच्या दोन ड्रायव्हरांनी वळून बघितलं. "अगं, पण मिठाचं काय करणार गं ही?"

त्याच सुमाराला साहेब आले. सुट्टीचे कपडे, हातात एक खोकं. खोक्यात कंत्राटदाराने नमुना म्हणून दिलेल्या मिठाच्या कागदी पुड्या. बोटभर लांबीच्या, नव्वद ताटांना नव्वद.

"म्हणजे बघा, आत्याबाई. प्रत्येक पानाशी एक ठेवू. नुसती, सोय म्हणून."

"ठेवा," आत्या म्हणाली.

एवढंच. साहेब गेले. ती पाठमोरी उभी राहिली आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक फडक्याने पुसत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. मग म्हणाली, "पाव आला का बघून येते," आणि बाहेर गेली.

मी पातेल्याजवळ एकटीच. सकाळपासून मी तिच्या हाताकडे नजर ठेवून होते, पैज होती ना. डब्यातल्या मिठाला तिने बोट लावलं नव्हतं. पाव तर कधीचा येऊन पडला होता. मला आवाराची ती फेरी दिसत होती, ते भलंमोठं स्टीअरिंग, खाली उभे सगळे. मी ते बघितलं, मग साहेबांचं ते खोकं बघितलं, आणि डब्यातलं मूठभर मीठ पातेल्यात टाकून उलथनं फिरवलं. कुणी बघितलं नाही. बस गेली तर गेली.

मग ताटं आणायला म्हणून मी गेले आणि परत येताना टायरांच्या थप्पीशी थबकले, कारण पातेल्यापाशी वायरमन उभा होता.

वायरमन एकही वाक्य पुरं करत नाही. समोरच्याने करायचं, अशी डेपोत पद्धतच पडलीय. तो वर बघून स्वतःशीच म्हणत होता, "हा दिवा जरा…" दिवा चांगला चालू होता. वर बघता बघता त्याचा हात डब्यात गेला, मग पातेल्यावर. "म्हणजे आपलं उगीच…" असं पातेल्यालाच सांगून तो निघून गेला.

तो जातो न जातो तोच मावशी. भाताला गरम पाणी हवं म्हणून आल्या, इकडे तिकडे बघितलं, आणि हातातलं पाण्याचं भांडं सांभाळत दोन चिमटी मीठ टाकलं. "आपलीच माणसं, आपण नाही बघायचं तर कुणी," त्या हळूच म्हणाल्या, ते मला टायरांपर्यंत स्पष्ट ऐकू आलं. त्यांच्यामागून एक कंडक्टर. त्याच्यामागून ज्यांना मी ओळखतही नाही असे दोन ड्रायव्हर, एकमेकांवर पाळत ठेवून, दोघांनीही टाकलं. आणि आत्या, जी दरवर्षी पातेल्यापासून हलत नाही, ती आज सारखी कुठे ना कुठे जात होती. पाव बघायला, सतरंज्या बघायला, नळ बंद आहे का बघायला.

मी ताटं तिथेच टायरांवर ठेवली. हा रस्सा राहिला नव्हता, समुद्र झाला होता. आणि सुरुवात मी केली होती.

शेवटी टायरवाले काका आले. काका बोलताना दातांतून हवा सोडतात, कुठेतरी पंक्चर असल्यासारखी. ते डब्याकडे गेलेच नाहीत. खिशातून त्यांनी स्वतःची पुडी काढली, चहावाल्याकडून बांधून आणलेली. तेवढ्यात आत्या कुठून उगवली कोण जाणे.

"काका, मीठ आणलंत ते बरं झालं. आणा इकडे, काकडीला हवंच होतं."

"स्स्… हो, स्स्… काकडीसाठीच," काका म्हणाले आणि पुडी तिच्या हातात देऊन हवा गेल्यासारखे बसले.

मी धावत गेले. "आत्या, सगळ्यांनी मीठ टाकलंय. वायरमनने, मावशींनी, सगळ्यांनी."

"आणि?"

"आणि मी."

"चाखलंस?"

"नाही. तशी अट होती."

"मग ताटं मांड."

"आत्या, खारट विष झालं असणार. मी सांगते सगळ्यांना, की तुझी चूक नाही, मी..."

"तू कुणाला काही सांगायचं नाहीस," ती म्हणाली. या आवाजाची नक्कल मला येत नाही. "माझ्या बाजूने कुणी बोलायचं नाही आज. रस्साच बोलेल. ताटं मांड."

पंगत बसली. प्रत्येक ताटाशी ती कागदाची पुडी. साहेब टोकाला. आत्या रश्श्याची बादली घेऊन वाढत आली, एकेका ताटात पळी उपडी करत, आणि शेवटचं ताट वाढून झाल्यावर वर्कशॉपच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पाठ चौकटीला टेकवली आणि डोळे मिटले.

मी तिच्या शेजारी. तेव्हा मला कळलं की ती चाखते आहे.

अळणी जेवणावर माणसं गप्पा मारतात. खारट जेवणावर पेले वाजतात. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं, पण तिथे उभं राहिल्यावर सांगायची गरज नव्हती. मी पेल्यांची वाट बघत होते. आधी बोलण्याचा गलका होता, नव्वद माणसांचा. मग एका टोकाकडून तो विरत आला. मावशींचा आवाज थांबला, म्हणजे अर्धा आवाज थांबला. मग नुसता ताटांवर बोटांचा आवाज, पाव मोडल्याचा, कुणीतरी रस्सा ओरपल्याचा. एकही पेला नाही. आत्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त चौकटीवरचा तिचा हात सुटून खाली आला.

वायरमन म्हणाला, "आत्या, हे तर…"

आणि पहिल्यांदाच कुणी त्याचं वाक्य पुरं करायला तोंड मोकळं ठेवलं नव्हतं.

साहेबांनी दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा वाढायला आत्या बादली घेऊन समोर उभी राहिली तेव्हा म्हणाले, "म्हणजे बघा, आत्याबाई. पुढच्या वर्षी…"

"पुढच्या वर्षी घेवडा जास्त भिजवावा लागेल," आत्या म्हणाली. "तुम्ही फार जेवता."

जेवणं उरकल्यावर तिने सगळ्या पुड्या स्वतः गोळा केल्या. एकही फुटली नव्हती. खोक्यात भरून साहेबांच्या हातात ठेवल्या. "ही तुमची सोय राहिली. मोजून घ्या हवं तर."

मला मात्र हिशेब लागेना. मी माझ्या डोळ्यांनी माणसं मीठ टाकताना बघितली होती. मी सरळ टूलबॉक्सकडे गेले आणि मिठाचा डबा उचलला. रिकामा होता. तळसुद्धा पुसलेला.

आत्या पातेल्याच्या बुडाशी उरलेलं खरवडत होती.

"यात किती होतं?" मी विचारलं.

"त्या पातेल्याला लागतं तेवढं. दरवर्षी घरूनच मोजून आणते. मिठाचं पोतं घरीच, कुलपात."

"म्हणजे तू…"

"मी शेवटी तळ झटकला. बाकी तुम्ही सगळ्यांनी टाकलंत." ती उलथनं पातेल्यावर आपटून हसली. "काय करणार? त्या चहापासून सगळे माझी कीव करतायत. थांबा म्हटलं असतं तर थांबले असते? चोरून टाकलं असतं, घरून आणून टाकलं असतं. म्हटलं, टाका. कुणीही टाका, कितीदाही टाका, डब्यात आहे तेवढंच पडणार. एक काकांनी मात्र घोळ घातला असता."

"ग्रीसची वाटी," मी म्हटलं.

"उशिरा का होईना, पेटला दिवा," आत्या म्हणाली.

मी शेवटचा प्रयत्न केला. "पण सगळ्यांनी मदत केलीच की. मग तू एकटी कशी जिंकलीस?"

"मी कुणाला विचारलं?"

"नाही."

"कुणी चाखलं?"

"नाही."

"पंगतीत कुणी वरून मीठ घेतलं?"

काकडीवरचं मीठ धरलं तर चालेल का, असं मी विचारून बघितलं. नाही चालत म्हणाली. काकडी अटीत नव्हती.

तर मी हरले. आज त्याला तेरा दिवस झाले. काल वायरमन आमच्याकडे दिवा बघायला आला होता, आणि जिन्यात "हे फ्यूज जरा…" म्हणून थांबला, तेव्हा मी दोन्ही ओठ दातांत धरून उभी राहिले. आई म्हणते घरात इतकी शांतता बऱ्याच वर्षांनी आहे. साहेब रस्त्यात भेटले, स्वल्पविरामासकट चौकशी केली, मी मान हलवली. आत्याला अजून काही लागत नाही. काल तिने कारल्याची भाजी आणि शिरा एकाच चेहऱ्याने खाल्ला, आणि आई बघतेय म्हणून कारलं पुन्हा मागून घेतलं.

अटीत तोंडातून नक्कल काढायची नाही, एवढंच होतं. हाताचं कुणी काही बोललं नव्हतं. हे पान मी आत्याला वाचायला दिलं. तिने साहेबांचा भाग दोनदा वाचला, स्वल्पविरामांवर बोट ठेवून, आणि म्हणाली, "ही पळवाट आहे."

"मला कुणी शिकवली?" मी म्हटलं.

"तरी हरलीस," आत्या म्हणाली, आणि पान परत दिलं.